जहाजावरची संध्याकाळ आणि घरची मर्यादा

कार्तिकी पौर्णिमा उलटली, चातुर्मासाची समाप्ती झाली आणि साधुसाध्वींचे विहार सुरू झाले की छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीचे रूप पालटते. सुपारी हनुमानाच्या परिसरापासून टिळकपथ, पैठणगेट आणि रंगारगल्लीपर्यंत लग्नसराईची वर्दळ सुरू होते. कापडाच्या दुकानांतील गाद्यांवर साड्यांच्या घड्या एकामागून एक उलगडल्या जातात. कोणाला शालू हवा, कोणाला आहेराची साडी हवी, हे गिऱ्हाईक बसता बसता दुकानदाराच्या ध्यानात येते. तो पिढ्यानपिढ्यांचा अंदाज असतो. मात्र अलीकडे याच गाद्यांवर एक नवा प्रश्न येऊ लागला आहे आणि त्याचे उत्तर त्या जुन्या अंदाजात सापडत नाही. तो प्रश्न असा : “क्रूझवर संध्याकाळी घालण्यासारखे काही आहे का?”

या प्रश्नाची मुळे व्यापारी जीवनातच आहेत. पंप, पाइप, रंग, सिमेंट, विद्युत उपकरणे अशा मालाच्या उत्पादक कंपन्या विक्रीचे उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या विक्रेत्यांना सहलीला नेतात. पूर्वी ही सहल बँकॉकची किंवा दुबईची असे, आता ती जहाजाचीही असते. कोणी आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करण्यासाठी जाते, तर कोणी चार भावांची कुटुंबे एकत्र यावीत म्हणून. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा या सफरी देशांतर्गत असल्याने पासपोर्टची अट राहिली नाही आणि समुद्रातील सहल मराठवाड्यातील कुटुंबांच्या आटोक्यात आली. सकाळच्या रेल्वेने निघालेले कुटुंब छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरते, बॅलार्ड पिअर तेथून जवळच आहे. मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. जाणे सोपे झाले, तयारी मात्र अजून सोपी झालेली नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. गुलमंडीवर दुकान, राजाबाजारात राहणे, घरात तीन पिढ्या. कंपनीकडून निमंत्रण येते, त्यात सहलीचा कार्यक्रम छापलेला असतो आणि दुसऱ्या रात्रीसमोर ‘गाला डिनर, फॉर्मल पोशाख’ अशी ओळ असते. मुलाच्या मनात सूट येतो. सुनेच्या मनात पैठणी येते, कॉलेजात जाणाऱ्या नातीच्या मनात गाऊन. आजींनी मात्र वीस वर्षांपूर्वी एका प्रवचनानंतर रेशीम सोडलेले असते, चामड्याची चप्पल त्या घालत नाहीत आणि सूर्यास्तानंतर अन्नाचा कण घेत नाहीत. त्या निमंत्रण वाचतात आणि शांतपणे म्हणतात, “तुम्ही सगळे जा. मी घरीच बरी. माझ्यामुळे तुमची अडचण नको.”

प्रश्न साडीचा किंवा सुटाचा दिसतो, पण त्या एका ओळीमुळे घरातील ज्येष्ठ व्यक्ती सहलीतून बाहेर पडू पाहते. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जहाजाची अपेक्षा नेमकी किती असते आणि आपली मर्यादा कोठे असते, हे नीट समजून घेतले तर आजींना घरी राहावे लागत नाही.

जहाज नेमके काय मागते?

जहाजावरील पोशाखाच्या कल्पना एका काळी फार कडक होत्या. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांत पहिल्या वर्गाचे प्रवासी रात्रीच्या जेवणाला विशेष काळा सूट आणि लांब गाऊन घालूनच येत. सायंकाळच्या पोशाखाविषयी आज जी धास्ती वाटते, ती त्या काळाची सावली आहे. क्युनार्डसारख्या मोजक्या कंपन्यांनी ती परंपरा काही विशेष रात्रींपुरती आजही जपली आहे, आणि तेथेही आपल्या देशाचा औपचारिक पोशाख मान्य असतो. याउलट नॉर्वेजियन या कंपनीने सन २००० मध्ये ‘फ्रीस्टाइल’ पद्धत सुरू करून औपचारिक रात्रींची सक्तीच काढून टाकली. इतर बहुतेक कंपन्या या दोन टोकांच्या मध्ये आहेत.

सामान्यतः जहाजावरील संध्याकाळी तीन प्रकारच्या असतात. पहिली साधी : नीटनेटका सलवार-कुडता, साडी, पँट-शर्ट चालतो, पोहण्याचे कपडे आणि बनियन चालत नाहीत. दुसरी ‘स्मार्ट कॅज्युअल’ : दिवाळी पाडव्याला शेजारी फराळाला जाताना जसा पोशाख करतो, तितकी नेटकी. तिसरी ‘फॉर्मल’, ‘गाला’ किंवा ‘एलिगंट’ : आपल्याकडील लग्नाच्या स्वागत समारंभाइतकी. सात रात्रींच्या सफरीत अशा औपचारिक रात्री बहुधा दोन असतात, तीन-चार रात्रींच्या सफरीत एक असते किंवा नसतेच. काही जहाजांवर पांढऱ्या कपड्यांची किंवा एखाद्या विशिष्ट रंगाची रात्र ठेवतात, त्यात भाग घेणे ऐच्छिक असते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पोशाखाचा नियम मुख्यतः मोठ्या भोजनकक्षासाठी आणि खास उपाहारगृहांसाठी असतो. त्याच जहाजावर दुसऱ्या मजल्यावर बुफेची जागा असते आणि तेथे औपचारिक रात्रीही साध्या, नेटक्या कपड्यांत जेवता येते. म्हणजे सक्ती वाटते तितकी नसते आणि जी असते ती एका दालनापुरती असते. भारतीय प्रवासी अधिक असलेल्या जहाजांवर साडी, लेहेंगा, कुडता-पायजमा, बंदगळा हे सर्व सहज स्वीकारले जाते. परक्या दिसण्याच्या भीतीने परका वेश घेण्याचे कारण उरत नाही.

संध्याकाळ कोणाची?

जैन कुटुंबाच्या दृष्टीने खरा गुंता पोशाखापेक्षा घड्याळाचा आहे. जहाजाची संध्याकाळ सूर्यास्तानंतर सुरू होते. चोविहार पाळणाऱ्याची, रात्रिभोजनाचा त्याग केलेल्याची संध्याकाळ सूर्यास्ताने संपते. जहाज म्हणते, सजून जेवायला या. श्रावक म्हणतो, जेवण आटोपले, आता प्रतिक्रमणाची वेळ झाली.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईचा सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो, आणि छत्रपती संभाजीनगर पूर्वेकडे असल्याने येथे तो त्याहून सुमारे दहा मिनिटे आधी होतो. गुलमंडीवरील घड्याळाची सवय घेऊन गेलेल्या माणसाला समुद्रात ही थोडी सवलतच मिळते. मे महिन्याच्या सुटीत मुंबईचा सूर्यास्त सातनंतर असतो. सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींत तो वर्षभर सातच्या आसपास राहतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे उन्हाळ्यात गेलेल्यांना तर मध्यरात्रीही सूर्य दिसतो. अशा ठिकाणी आहाराची वेळ कशी धरावी, हे निघण्यापूर्वीच आपापल्या गुरुभगवंतांना विचारून घ्यावे. चालत्या जहाजात सामायिक कसे करावे, याविषयीही हाच मार्ग योग्य.

मोठ्या भोजनकक्षात अनेक जहाजांवर दोन पाळ्या असतात : पहिली सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. मे महिन्यात पहिली पाळी निवडली तर पुष्कळ वेळा सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपू शकते. डिसेंबरात ते जमत नाही. तेव्हा साडेचार-पाचच्या सुमारास बुफे उघडा असतो का आणि त्या वेळी जैन पदार्थ मिळतात का, हे आरक्षण करतानाच लेखी विचारावे. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर जैन भोजन मिळते, असे कंपनी स्वतःच सांगते. सिंगापूरहून जाणाऱ्या काही जहाजांवरही ते मिळते. पण ‘जैन भोजन मिळते’ आणि ‘जैन भोजन सूर्यास्तापूर्वी मिळते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

एवढे लक्षात घेतले की पोशाखाचा प्रश्न निम्मा सुटतो. चोविहार करणारी व्यक्ती जेथे नियम शिथिल आहे त्या बुफेत, उजेडात, साध्या सुती कपड्यांत जेवते. ज्या भोजनकक्षासाठी नियम सर्वांत कडक आहे, तेथे तिला जेवायचेच नसते. नंतर ती सर्वांसोबत बसली तर ती केवळ सोबतीसाठी, कार्यक्रमासाठी, कुटुंबाच्या छायाचित्रासाठी. त्यासाठी नेटकी साडी पुरेशी आहे. आजींना ज्याची धास्ती वाटत होती, त्या रात्रीच्या जेवणाशी त्यांचा संबंधच उरत नाही.

पांढरे फ्लॅनेल, काठेवाडी पगडी

समुद्रपर्यटन आणि पोशाख यांची ही अडचण आजची नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून एक अठरा वर्षांचा तरुण जहाजाने इंग्लंडला निघाला. घरातून निघण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन मुनींनी त्याच्याकडून मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली होती. जातीने त्याला बहिष्कृत केले होते. जहाजावर काटे-चमचे कसे धरावेत हे त्याला ठाऊक नव्हते, कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचा धीर होत नव्हता, म्हणून भोजनाच्या टेबलाकडे न जाता तो खोलीतच बसून सोबत आणलेली मिठाई आणि फळे खाई.

प्रवासात त्याने काळा सूट घातला होता. मित्रांनी करून दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. इंग्लंडच्या धक्क्यावर तो पांढऱ्या सुटात उतरला तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि तसे कपडे घातलेला तो एकटाच होता. सामान दुसऱ्याच्या हवाली केलेले, मध्ये रविवार आलेला, त्यामुळे कपडे बदलण्याचीही सोय नव्हती. पुढे लंडनमध्ये त्याने दहा पौंड खर्चून बाँड स्ट्रीटवर सायंकाळचा खास सूट शिवून घेतला, नृत्याचे वर्गही काढून पाहिले, आणि काही महिन्यांतच हा खटाटोप सोडून दिला. हा तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. आपल्या आत्मकथेत त्यांनी हे सर्व स्वतः सांगितले आहे. त्यांना ज्याची लाज वाटली ती मुनींसमोर घेतलेली प्रतिज्ञा नव्हती, ती उसनी घेतलेली ऐट होती. प्रतिज्ञा त्यांनी पाळली, ऐट टिकली नाही.

पाच वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी वीरचंद राघवजी गांधी समुद्रमार्गे निघाले. निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना होते, परंतु साधूंना जहाजाने जाणे कल्पत नाही, म्हणून त्यांनी महुव्याच्या या एकोणतीस वर्षांच्या श्रावकाला तयार करून पाठविले. समुद्र ओलांडण्याला समाजातून विरोधही झाला. परिषदेच्या छायाचित्रांत वीरचंदजी काठेवाडी पगडी घातलेले दिसतात. ते कायद्याचे जाणकार होते, इंग्रजी उत्तम बोलत, पाश्चात्त्य पोशाख त्यांना अवघड नव्हता. तरीही ज्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून ते उभे होते, त्या समाजाच्या वेशातच ते उभे राहिले, आणि अमेरिकेत त्यांना आदराने ऐकले गेले.

समुद्र हा जैन व्यापाऱ्याला परका आहे, असेही कोणी समजू नये. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या समाजातील माणसाने जहाजावर पाऊल ठेवताना संकोचण्याचे कारण नाही.

रेशमाचा प्रश्न

औपचारिक रात्र म्हटली की गुलमंडीवर प्रथम हात जातो तो पैठणीकडे. पैठण येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, पैठणी ही या मातीची शान आहे आणि विणकराच्या हातांची पुण्याई आहे. तरीही अस्सल पैठणी रेशमाची असते, आणि बहुतेक रेशमाच्या निर्मितीत कोशातील जीव उकळत्या पाण्याने किंवा वाफेने मारला जातो. पतंग कोश फोडून बाहेर आला तर सलग धागा मिळत नाही, हे त्याचे कारण. एका किलो रेशमामागे हजारो कोश लागतात. म्हणून अनेक श्रावक-श्राविकांनी रेशीम सोडले आहे. काही घरांत जुने, आईने दिलेले पातळ ठेवतात पण नवे घेत नाहीत. काही घरांत रेशीम अजूनही चालते. ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावे. पण ज्यांनी सोडले आहे त्यांना जहाजावरील एका रात्रीसाठी नियम मोडण्याची गरज नाही, हे मात्र स्पष्ट आहे.

धर्माच्या मर्यादेतून वस्त्र घडल्याचे उदाहरण याच शहराच्या परंपरेत आहे. अंगाला रेशमाचा स्पर्श वर्ज्य मानणाऱ्या मुस्लिम पुरुषांसाठी विणकरांनी मशरू हे वस्त्र घडविले : बाहेरून रेशमाची चमक, आतून अंगाला लागणारे सूत. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच ‘धर्माला मान्य’ असा आहे. या शहराची ओळख असलेला हिमरू हाही मुळात सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचा संगम. आता त्यात कृत्रिम रेशीमही वापरले जाते. ग्राहकाने मर्यादा सांगितली आणि विणकराने त्या मर्यादेत सौंदर्य शोधले, असा हा इतिहास आहे. जैन ग्राहकानेही आपली मर्यादा उघडपणे सांगितली तर बाजार तिचा मान राखतो.

आज पर्याय पुष्कळ आहेत. सुती पैठणी आणि सुती नारायणपेठ यांचे काठ औपचारिक रात्रीलाही शोभतात. मंगळगिरीचे सूत, जामदानी विणीची सुती साडी, सुती कोटा यांना स्वतःचे तेज असते. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, रेशमासारखाच झुळझुळतो. जॉर्जेट आणि क्रेप कृत्रिम धाग्याचे मिळतात, मात्र त्याच नावांनी शुद्ध रेशमी वाणही विकले जातात, म्हणून विचारून घ्यावे. चंदेरी आणि महेश्वरी यांत बहुधा रेशीम मिसळलेले असते, हेही ध्यानात ठेवावे. पतंग बाहेर पडू देऊन काढलेले ‘अहिंसा रेशीम’ कुसुमा राजय्या यांच्या प्रयत्नांतून पुढे आले, ते घेताना विक्रेत्याकडे खात्री करावी. ईशान्येकडील एरी रेशमाचा कोश उघडा असतो, पण तेथे आतील कीटक पुष्कळदा खाल्ले जातात, त्यामुळे ‘एरी’ या नावावरून अहिंसेची खात्री होत नाही.

पुरुषांचा प्रश्न साडीइतका चर्चिला जात नाही, पण तोही आहेच. टाय बहुधा रेशमाचा असतो, औपचारिक कोटाच्या गळपट्टीवरील चकाकते कापड कधी कधी रेशमी असते, पट्टा आणि बूट चामड्याचे असतात. रेशीम आणि चामडे वर्ज्य असेल तर बंदगळा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्याला टाय लागत नाही, तो बहुतेक जहाजांवर औपचारिक मानला जातो आणि परतल्यावर भाच्याच्या लग्नातही उपयोगी पडतो. बूट कृत्रिम चामड्याचे किंवा कापडी घेता येतात. मोत्यांचे दागिने घेतानाही शिंपल्यातील जीवाचा विचार अनेक घरांत केला जातो.

मोजून न्यावे

श्रावकाच्या नित्यक्रमात या प्रश्नाचे उत्तर पूर्वीपासून आहे. श्वेतांबर परंपरेतील चौदा नियमांत दररोज काय आणि किती वापरायचे ते ठरविले जाते : त्यात वस्त्र आहे, पादत्राण आहे, विलेपन आहे, वाहन आहे आणि दिशाही आहे. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग असा भेद केला आहे. एकदाच वापरता येते ते अन्न हा भोग, पुन्हा पुन्हा वापरता येते ते वस्त्र हा उपभोग, आणि दोन्हींची मर्यादा दिवस, पक्ष, महिना अशा ठरावीक काळासाठी घालून घ्यावी असे तेथे सांगितले आहे. तीन रात्रींची सफर हाही एक ठरावीक काळच आहे. घरी चौदा नियम धारण करणाऱ्याने जहाजावर ते सोडावेत असे काही नाही, उलट तेथे ते पाळण्याचा खरा उपयोग कळतो.

तीन रात्रींसाठी प्रत्येकी किती जोड, हे सामान भरण्यापूर्वी बोलून ठरवावे. दोन संध्याकाळी नेटक्या, एक थोडी विशेष. विशेष रात्रीसाठी नवे घेण्याआधी कपाट उघडून पाहावे. लग्नाच्या स्वागत समारंभात एकदा नेसून ठेवलेली साडी जहाजावर कोणी पाहिलेली नसते. आपल्याकडे एका लग्नात घातलेला लेहेंगा त्याच नात्यातील दुसऱ्या लग्नात घालणे जड जाते, कारण छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. तेच जुने वस्त्र समुद्रावर नवे ठरते. जो खर्च दिखाव्यासाठी होणार होता, तो वाचतो, आणि परिग्रहाची एक घडी कमी होते.

काही व्यवहाराच्या गोष्टीही आहेत. आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर खोलीत इस्त्री नेता येत नाही, म्हणून चुरगळणारे कापड टाळावे किंवा जहाजावरील धुलाईची सोय वापरावी. त्याच कारणाने दिवा, धूप, अगरबत्ती पेटवता येत नाही, देवदर्शनासाठी लहानशी प्रतिमा पुरे. भोजनकक्ष आणि नाट्यगृह थंड असतात, एक शाल सोबत असावी. जहाज डोलते तेव्हा उंच टाचांच्या चपलांनी पाय मुरगळतो, डेकवरील वाऱ्यात मोकळा पदर आवरत नाही, तो पिनेने नीट लावावा. दागिने मोजके असावेत आणि वापरात नसताना खोलीतील तिजोरीत असावेत. लग्नाचा हार समुद्रावर नेऊन तीन रात्री त्याचीच काळजी वाहण्यात सहलीचा आनंद नाही.

नातीचा गाऊन हाही वादाचा विषय होऊ देऊ नये. तो नेमका किती लांब, किती झाकणारा आणि कशाचा, हे आजी आणि नात यांनी गादीवर एकत्र बसून ठरविले तर दोघींचीही बाजू राहते. नातीला आजीचा नियम कळतो, आजीला नातीची हौस कळते. घरातील अशी संभाषणे प्रवचनापेक्षा कमी मोलाची नसतात.

राजाबाजारातील त्या घराकडे परत यावे. निमंत्रणावरील ओळ तशीच आहे, पण तिचा अर्थ आता उलगडला आहे. आजी पाच वाजता जेवतील. सूर्य समुद्रात बुडताना त्यांचे पच्चक्खाण झालेले असेल. मग त्या बारीक काठाची सुती साडी नेसून, खांद्यावर शाल घेऊन, कार्यक्रमाला सर्वांबरोबर बसतील. बंदगळ्यातील मुलगा, सुती पैठणीतील सून, आजीच्या पसंतीच्या गाऊनमधील नात आणि मध्ये आजी, असे एक छायाचित्र निघेल. त्यात कोणी कमी सजलेले आणि कोणी जास्त सजलेले दिसणार नाही. सगळे एका घरचे दिसतील.

त्यासाठी करायचे एवढेच, की गुलमंडीच्या गादीवर बसल्यावर पहिला प्रश्न बदलायचा. जहाजावर काय घालतात, हे मागाहून विचारावे. आधी दुकानदाराला सांगावे : “आमच्याकडे रेशीम चालत नाही, आणि आमचे जेवण दिवस असतानाच होते. आता दाखवा.” पिढ्यानपिढ्या याच गादीवर बसलेला तो दुकानदार लगेच उठतो आणि बरोबर त्याच कप्प्याकडे हात नेतो.